जूनचा खड्डा डिसेंबरात पडतो

डिसेंबर लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत स्थानिक पानावरची मोठी बातमी थंडीची असते. शिवाजीनगरला पारा किती, पाषाणला किती, आकडा एक अंकी झाला तर शेकोटीच्या फोटोसकट. (शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद आहे. तरी दर वर्षी कोणीतरी ‘अशी थंडी बापजन्मी पाहिली नाही’ म्हणतंच.) दुसरी बातमी सवाई गंधर्व महोत्सवाची. आणि पानाच्या तळाला, जाहिरातीच्या वर, चार-पाच ओळींच्या बातम्या: कालवा समितीची बैठक लांबणीवर. रस्तेखोदाईला सुरुवात. अंदाजपत्रकासाठी खात्यांकडून प्रस्ताव मागवले. थकबाकीदारांच्या दारात पालिकेचा बँड.

या बातम्या वाचणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. आपण पालिकेकडे बघतो ते दोनदा: मे महिन्यात नळ कोरडा पडला की, आणि जुलैत गाडी खड्ड्यात आपटली की. तोवर उशीर झालेला असतो. मेमधलं पाणी, जुलैतला खड्डा आणि पुढच्या वर्षी आपल्या गल्लीत दिवा लागणार की नाही, हे बरंचसं ठरतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे आपण स्वेटर घालून हुरड्याचे बेत आखत असतो तेव्हा. म्हणून त्या तळाच्या बातम्यांचा अर्थ जरा उलगडून सांगतो. उदाहरण पुण्याचं घेतो, कारण ते मला जवळचं आहे.

कणगीतलं पाणी

सुरुवात पाण्यापासून, कारण या सगळ्यात तेच सर्वांत गुंतागुंतीचं आहे.

पुण्याचं पाणी मुख्यतः चार धरणांतून येतं: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही काठोकाठ भरली की उपयुक्त साठा होतो २९.१५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. खडकवासला आपल्याला दिसतं, रविवारी तिथे कणीस खायला जातो, म्हणून तेच मोठं वाटतं. खरं तर चौघांत ते सगळ्यात लहान, जेमतेम १.९७ टीएमसीचं. खरा साठा मागे पानशेत आणि वरसगावात. खडकवासला हा माठाचा तोटीकडचा भाग समजा.

पाऊस संपला की या धरणांत नवी आवक जवळजवळ थांबते. मग येतो १५ ऑक्टोबर. जलसंपदा खात्याचं सिंचनाचं वर्ष या तारखेच्या साठ्यावर बेतलेलं असतं. जुन्या घरात कणगी भरली की घरातली म्हातारी आषाढापर्यंत किती माणसं, किती पाहुणे, किती बियाणं असा हिशेब मनात मांडायची. तोच हिशेब इथे मोठ्या टेबलाभोवती मांडला जातो. त्या टेबलाचं नाव कालवा सल्लागार समिती. अध्यक्षस्थानी पालकमंत्री, भोवती आमदार, खासदार, जलसंपदाचे अभियंते, पालिकेचे अधिकारी. एका बाजूला पुणे शहर. दुसऱ्या बाजूला हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतली शेती, कारण याच धरणांतून निघणारा नवा मुठा उजवा कालवा थेट तिथवर जातो.

आता आकडेमोड करू. शहर महिन्याला साधारण दीड टीएमसी पाणी उचलतं, म्हणजे दिवसाला सुमारे १४० कोटी लिटर. पुढचा भरवशाचा पाऊस जुलैच्या मध्याला धरला, तर मधले महिने नऊ. नऊ गुणिले दीड, साडेतेरा टीएमसी. एक-दोन टीएमसी उन्हात वाफ होऊन जातं. उरतं ते शेतीचं: तेरा-चौदा टीएमसी. शेतीला पाणी रोज सोडत नाहीत. ठरावीक दिवस कालवा वाहता ठेवतात आणि मग बंद करतात. या एका पाळीला म्हणतात आवर्तन. एका आवर्तनाला साधारण चार-पाच टीएमसी लागतं. म्हणजे रब्बीला एक आणि उन्हाळ्यात दोन आवर्तनं दिली की कणगीचा तळ दिसू लागतो.

हा हिशेब धरणं पूर्ण भरली तरचा. दोन-तीन टीएमसी कमी भरली, तर कोणाच्या तरी ताटातली पोळी उचलावी लागते. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या जलनीतीत पहिला मान आहे, त्यामुळे शहराला हात लावायला कोणी धजत नाही. पण शहर दीड टीएमसी उचलतं ते ‘पिण्याचं’च असतं का? त्यात फुटक्या जलवाहिन्यांची गळती आहे, गाड्या धुणं आहे, ओसंडणाऱ्या टाक्या आहेत. जुन्या करारातला पुण्याचा कोटा वर्षाला साडेअकरा टीएमसी होता. महिन्याला दीड म्हणजे वर्षाला अठरा. इंदापूरच्या शेतकऱ्याला राग येतो तो या फरकाचा. तो कालव्याच्या अगदी शेपटाला आहे. वरचे आधी भिजवून घेतात आणि त्याच्यापर्यंत येईस्तोवर धार उरते. म्हणून आवर्तन ‘टेल टू हेड’ द्या, आधी शेपटाला आणि मग वर, अशी मागणी होते. शहरानेही वापरलेलं पाणी शुद्ध करून परत द्यायचं ठरलं आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून, ते उचलून जुन्या कालव्यात सोडतात. किती आणि कसं शुद्ध, यावर दर वर्षी नवा वाद.

तेव्हा ‘कालवा समितीची बैठक लांबली’ ही चार ओळींची बातमी म्हणजे मे महिन्यात आठवड्यातून एक दिवस पाणी बंद ठेवायचं की नाही, या निर्णयाचीच पहिली तारीख. डिसेंबरात एक आवर्तन दहा दिवस जास्त चाललं, तर त्याचं पाणी मेमध्ये कुठून आणणार?

वर्तमानपत्र वाचायचं नसेल तर सोपा उपाय आहे. हा कालवा शहरातूनच जातो: पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीजवळून, स्वारगेटवरून, एम्प्रेस गार्डनला खेटून हडपसरकडे. जाता-येता खाली डोकवा. कालवा काठोकाठ गढूळ वाहतोय म्हणजे आवर्तन चालू आहे. तळाला शेवाळ आणि कॅरीबॅगा दिसतायत म्हणजे बंद. (२०१८च्या २७ सप्टेंबरला दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना आपल्या शहरातून एवढा मोठा कालवा वाहतो हे पहिल्यांदा कळलं.)

चर कसा बुजवला, ते बघा

पावसाळ्यात रस्ते खोदायला बंदी असते. डांबराचे हॉटमिक्स प्लांटही बंद असतात, कारण ओल्या खडीवर डांबर धरत नाही. पाऊस गेला की सगळ्यांची कुलपं एकदम उघडतात. पाणीपुरवठ्याला जलवाहिनी टाकायची असते, ड्रेनेजला चेंबर दुरुस्त करायचं असतं, वीजवाल्यांना केबल, गॅसवाल्यांना पाइप, इंटरनेट कंपन्यांना फायबर. आणि पथ विभागाला याच महिन्यांत डांबरीकरण उरकायचं असतं, कारण मार्चअखेर बिलं निघाली पाहिजेत. म्हणून एकाच गल्लीत कार्तिकात डांबर पडतं आणि पौषात कुदळ. त्यात वेडेपणा कमी असतो. पाच खात्यांची पाच वेळापत्रकं एकाच कोरड्या हंगामात घुसतात आणि ती जुळवणारा टेबलाचा माणूस कोणालाच आपलं ऐकायला लावू शकत नाही.

पण मला सांगायचंय ते चराबद्दल. खोदलेली लांबट खाच म्हणजे चर. खोदणाऱ्या खासगी कंपन्यांकडून पालिका मीटरमागे पैसे घेते. पुण्यात हा दर बारा हजारांच्या घरात होता. पैसे घेतले की चर पूर्ववत करायची जबाबदारी आली. पूर्ववत म्हणजे काय? एक-दीड मीटर खोल चरात माती एकदम ढकलायची नसते. वीतभर थर, पाणी, धुम्मस (ठोकून दाबणं). पुन्हा वीतभर थर, पाणी, धुम्मस. असं करत वर यायचं, मग खडी, मग डांबर. या कामाला वेळ लागतो आणि ते कोणाला दिसत नाही. जे दिसत नाही ते काम सगळ्यात आधी गाळलं जातं.

परवा सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा एका वळणावर असंच काम चाललं होतं. जेसीबीच्या दोन सोंडांत चर भरला. राडारोड्यातली एक अख्खी वीटही आत गेली. एका पोराने बादलीभर पाणी मारलं, रोलर एकदा पुढे, एकदा मागे. तिसऱ्या दिवशी वर काळीभोर, गुळगुळीत पट्टी. बघून बरं वाटावं अशी. ती पट्टी जानेवारीत छान दिसेल, मार्चमध्येही. जूनच्या पहिल्या दणक्यात पाणी आत झिरपेल, सैल माती खाली बसेल आणि वरचं डांबर पापडासारखं आत मोडेल. आपण म्हणू, पावसाने रस्ता गेला. पावसाने फक्त झाकण उघडलं.

रस्त्याच्या ठेक्यात एक कलम असतं, दोष दायित्व कालावधी. काम झाल्यापासून ठरलेल्या वर्षांत, बहुधा तीन ते पाच, रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. त्याला सुटायची वाट एकच: ‘मधे कोणीतरी खोदलं.’ म्हणून चराचा फोटो तारखेसह काढून ठेवा. तक्रार जुलैत करायची असली तरी पुरावा डिसेंबरातच मिळतो.

अंदाजपत्रक: वडा किती, रस्सा किती

पालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्याचा स्वयंपाक दिवाळीनंतर चुलीवर चढतो. प्रत्येक खातं आपली मागणी लेखा विभागाकडे पाठवतं. डिसेंबरात काटछाट होते. जानेवारीच्या मध्याला आयुक्तांनी आपला मसुदा स्थायी समितीपुढे ठेवायचा, अशी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली रीत आहे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८चा; तिथे हे फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतं. स्थायी समितीत सोळा नगरसेवक असतात. ते आयुक्तांच्या मसुद्यात भर घालतात आणि समितीचे अध्यक्ष ते मुख्य सभेत मांडतात. पुढच्या वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात.

‘भर घालतात’ हे शब्द जरा निरखून बघा. २०२१-२२चं उदाहरण घ्या. पुण्याच्या आयुक्तांचा मसुदा ७,६५० कोटींचा होता. स्थायी समितीतून बाहेर पडला तेव्हा ८,३७० कोटींचा. मधल्या आठवड्यांत उत्पन्नाचे डोंगर उगवले का? नाही. कागदावर जमा वाढवली की कागदावर खर्च वाढवता येतो. मग वर्षभर पैसे अंदाजाएवढे येत नाहीत आणि कुठलीतरी कामं मागे पडतात. कुठली, हे मात्र जमा वाढवताना कोणी सांगत नाही.

यातले दोन शब्द ओळखीचे करून घ्या. पहिला, ‘स’ यादी: नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांची यादी. बाकं, कमानी, पेव्हर ब्लॉक, नामफलक यांचा उगम बहुतेक वेळा इथला. दुसरा, वर्गीकरण: एका कामासाठी राखलेली रक्कम तिथून काढून दुसऱ्या कामाकडे वळवणं. पुलाचे पैसे कमानीकडे गेले, अशी बातमी येते ती वर्गीकरणाची. ते दर वेळी चुकीचं असतं असं नाही. भूसंपादन अडलं तर पडून राहिलेले पैसे दुसरीकडे वापरणं शहाणपणाचंच. पण ३१ मार्चला खर्च न झालेली तरतूद लॅप्स होते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक धडधाकट पदपथ उखडून नवे बसवले जातात, ज्या चौकात दोन बाकं होती तिथे पाच होतात.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. त्यानंतरची अंदाजपत्रकं प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. मांडणारे तेच, हात वर करणारे तेच. वेळापत्रकही मार्चपर्यंत घसरलं; २०२५-२६चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक मार्च २०२५ मध्ये आलं. राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान अखेर १५ जानेवारी २०२६ला झालं. तेही भर थंडीत, म्हणजे नेमकं त्या आठवड्यात, ज्यात मसुदा स्थायी समितीपुढे यायला हवा.

नागरिकांना यात शिरायला एक दार पुण्यात २००६पासून उघडं आहे. आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवता येतं. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात. जानेवारीत अंदाजपत्रकाची बातमी वाचून ‘आमच्या गल्लीला काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी त्या अर्जाची आठवण गणपतीच्या आसपास ठेवावी. ‘वॉर्डातले रस्ते चांगले करा’ असं लिहिलेला अर्ज कचऱ्यात जातो. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक दुकानापर्यंत पदपथ नाही, तो करावा’ असं लिहिलं तर निदान कनिष्ठ अभियंत्याला जाऊन मोजमाप घ्यावं लागतं.

करांचं थोडक्यात. मिळकतकराच्या दुसऱ्या सहामाहीची रक्कम डिसेंबरअखेर भरली नाही, तर पुण्यात १ जानेवारीपासून महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के. एवढ्या व्याजाने सावकारही जरा दबकून देतो. दारात बँड वाजतो तो मोठ्या थकबाकीदारांच्या. लहानांचं गुपचूप वाढत राहतं.

शेकोटी

थंडीच्या पहाटे शहरावर जो निळसर पडदा दिसतो, त्याला आपण कौतुकाने धुकं म्हणतो. त्यात धुकं थोडं आणि धूर बराच असतो. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर चढते आणि धूर-धूळ घेऊन जाते. थंडीत निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर तुलनेने गरम हवेचा थर राहतो. झालं, पातेल्यावर झाकण. पुण्याला तर भोवती टेकड्यांचा काठही आहे. नऊ-दहाच्या उन्हाने जमीन तापेपर्यंत झाकण उघडत नाही आणि नेमकी तोवर आपण मुलांना शाळेत सोडतो, टेकडीवर फिरतो, खोल खोल श्वास घेतो. जुलैत धूर झाला तर तो पावसात धुऊन जातो. जानेवारीत तेवढाच धूर नाकासमोर टांगलेला राहतो.

म्हणून हिवाळ्यात पालिका बांधकामांवर धुळीसाठी पडदे लावायला सांगते, रस्त्यांवर पाणी मारते. मुंबईत ३० डिसेंबर २०२४ला भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवायचा आदेश निघाला, कारण हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक २००च्या वर राहिला होता. कचरा जाळायला तर घनकचरा नियमांनीच बंदी आहे. तरी थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर पालापाचोळा, त्यात दुधाच्या पिशव्या, खोक्याचे तुकडे, तुटकी चप्पल असं पेटलेलं असतं.

पेटवतो कोण? ज्याला रात्रभर उघड्यावर बसायचंय तो. सुरक्षारक्षक, रिक्षावाला, पदपथावर झोपणारं कुटुंब, सहाच्या आत आरोग्य कोठीवर हजेरी लावायला आलेले झाडणकामगार. त्याला पाचशेची पावती फाडून देणं सोपं आहे, पण उद्या रात्री थंडी तेवढीच असणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असावा असं बजावलं होतं. थंडीत पालिकेची माणसं रात्री फिरून लोकांना निवाऱ्यात चला म्हणतात, पण कित्येक जण येत नाहीत. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे, हातगाडीला राखण नाही, पहाटेच्या मजूरअड्ड्यापासून निवारा दूर. त्यांच्या जागी आपण असतो तरी शेकोटीच पेटवली असती.

आमच्या शेजारच्या सोसायटीत ही गोष्ट वेगळ्या वाटेने मिटली. त्यांच्या वॉचमनच्या केबिनला दारच नव्हतं. समोरून वारा आत, म्हणून तो बाहेर बादलीत विस्तव करून बसायचा आणि पहिल्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी खिडक्या लावून घ्यायच्या. दोन वर्षं तक्रारी झाल्या, नोटीस लागली, बादली जप्त झाली, दुसरी आली. गेल्या डिसेंबरात कोणीतरी भंगारातून एक दार आणून बिजागऱ्यांवर टांगलं आणि आत एक जुना हीटर ठेवला. विस्तव त्याच रात्री थांबला. महिन्याच्या सभेत मग सामायिक मीटरवर हीटरचे युनिट किती वाढले, यावर पाऊण तास चर्चा झाली. आजी खिडकी उघडी ठेवून वरून ऐकत होत्या.